रुमाली फुलदाणी विकत घेण्याआधी उलटी करा

कोपऱ्यांनी धरलेल्या रुमालासारखी दिसणारी काचेची फुलदाणी, इटालियनमध्ये ‘फात्सोलेत्तो’. डिझायनर फुल्व्हिओ बियांकोनी आणि काच कारखानदार पाओलो व्हेनिनी यांनी ती १९४८च्या सुमारास व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर आणली आणि लगेच नकलांचं पीक आलं. इंग्लंडच्या चान्स ब्रदर्स या काच कंपनीनेही तशाच फुलदाण्या काढल्या, पण सपाट काच तापवून वाकवलेल्या.

फरक ओळखायचा तर तळ बघा. फुंकून केलेली काच शेवटी लोखंडी सळईवर धरतात. सळईपासून काच तोडल्याची खूण तळाच्या मध्यावर खरखरीत राहते किंवा घासून गुळगुळीत केलेली दिसते. मग नक्षीच्या रेषांवरून नख फिरवा. मुरानोच्या फिलिग्रीत, म्हणजे बारीक रेषांच्या नक्षीत, रंगीत काड्या काचेच्या आतच वितळवलेल्या असतात, चान्सच्या बऱ्याच फुलदाण्यांवर नक्षी वरून छापलेली असते. जाळीदार ‘रेतिचेल्लो’ असेल तर भिंग घ्या: प्रत्येक चौकटीत हवेचा इवलासा बुडबुडा अडकलेला दिसायला हवा.

कागदी लेबलावर मात्र फार विसंबू नका, ते कुणीही चिकटवतं. व्हेनिनीच्या त्या काळच्या फुलदाण्यांच्या तळाशी बहुधा आम्लाने कोरलेली पुसट अक्षरं असतात. काच उजेडात तिरपी धरा, तेव्हाच ती दिसतील.