जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा, मी केल्यात

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून मला येणाऱ्या फोनची जातच बदलली. आधी "जरा अँटीव्हायरस टाकून दे" असायचं, आता "ते फुकटवालं टाकून दे ना गा, लिनक्स का काय ते". लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. भानगड अशी आहे की विंडोज ११ ला टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) पाहिजे, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे, आणि आपल्या घरांमध्ये २०१५-१६ चे लॅपटॉप पडलेत ज्यांना काही धाड भरलेली नाही, कीबोर्डची दोन बटणं सोडली तर. ते भंगारात काऊन द्यायचे? पण लिनक्स टाकताना लोक त्याच त्या ठिकाणी ठेचकाळतात, आणि त्यातले अर्धे घोळ मी स्वतः घातलेत म्हणून हे लिहून राहिलो.

"सगळ्यात भारी कोणतं?"

लिनक्सचे काली, आर्च, उबुंटू, मिंट असे बरेच प्रकार आहेत, आणि हा प्रश्न विचारला की गाडी चुकीच्या रस्त्याला लागलीच समजा. माझा एक मावसभाऊ, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्याने घरच्या एकुलत्या एक लॅपटॉपवर काली लिनक्स टाकलं कारण व्हिडिओतला हूडीवाला तेच वापरत होता आणि ड्रॅगनचा वॉलपेपर मस्त दिसत होता. मावशीला त्यावर लाइट बिल भरायचं होतं! काली सिक्युरिटी टेस्टिंग करणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना लिनक्सची सवय नाही किंवा साधं रोजच्या वापराचं काही पाहिजे त्यांनी हे घेऊ नये असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, पण ते वाचतं कोण. आर्चचंही तेच, शिकायला छान आहे, पण ते रोलिंग आहे, अपडेट येतच राहतात आणि कधी काही अडलं तर वाचून निस्तरायची तयारी लागते. मावशीची ती तयारी नाही आणि असायची गरजही नाही.

खरा प्रश्न असा विचारा: या मशीनवर घरातला सगळ्यात कमी टेक्निकल माणूस काय करतो? आमच्या मोठेबाबांचं पाहा. ई-पेपर, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूबवर कीर्तन, आणि सोसायटीच्या नोटिसा टाइप करणं, झालं. यातलं नव्वद टक्के काम ब्राउझरमध्येच होतं. त्यांना खाली डावीकडे मेन्यूचं बटण आणि उजवीकडे घड्याळ दिसलं पाहिजे. म्हणून लिनक्स मिंट. रॅम ८ जीबी असेल तर सिनामन एडिशन, ४ जीबी असेल तर त्याहून हलकी एक्सएफसीई एडिशन, आणि याच्यावर मी वाद घालत नाही. उबुंटू वाईट नाही, पण त्याचा चेहरा वेगळा आहे, विंडोजमधून आलेल्या साठीच्या माणसाला डावीकडची ती पट्टी पाहून पहिला आठवडा चीडचीड होते.

आणि व्हर्जनचा आकडा पाहून घ्या. उबुंटूची एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी) दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात, २४.०४ ला २०२९ पर्यंत, त्यावर बनलेल्या मिंट २२ लाही तेवढेच. मधली जी बिगर-एलटीएस उबुंटू असते तिला फक्त नऊ महिने. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या एका व्हर्जनला साधारण तेरा महिने. "नवीन आकडा म्हणजे चांगलं" असं समजून बिगर-एलटीएस टाकलं की पुढच्या वर्षी परत तुम्हालाच बोलावणं येणार.

मशीन न पाहताच डाउनलोड

प्रोसेसर ६४ बिट आहे का ते आधी पाहा. फार जुन्या ॲटमवाल्या नेटबुकमध्ये ३२ बिट निघतो, आणि त्याच्यासाठी आता दारं बंद होत चाललीत, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन या लिनक्सच्या १३ व्या व्हर्जननेही ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं बंद केलं. दुसरं म्हणजे, लोक म्हणतात लिनक्स टाकलं की लॅपटॉप उडायला लागतो. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर नाही उडत. आधी सीताबर्डीला (नागपूरचा बाजार) जाऊन साधी २४० जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून आणा, मग टाका. जो फरक पडतो त्यात निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं असतं, फुकटात नाव मात्र लिनक्सचं होतं.

पेनड्राइव्हचा किस्सा

आयएसओ फाइल (लिनक्सची डाउनलोड केलेली इन्स्टॉलची फाइल) पेनड्राइव्हवर चढवताना तो पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. हे मला माहीत होतं. तरीपण मी चुलतबहिणीच्या हळदीच्या फोटोंचा पेनड्राइव्ह लावला, कारण दोन्ही काळे, दोन्ही १६ जीबी. फोटोग्राफरकडे कॉपी होती म्हणून मी आज हे लिहायला जिवंत आहे. बाकीचे सगळे ड्राइव्ह काढून ठेवा, एकच लावा, मगच रुफस किंवा एचर (फाइल पेनड्राइव्हवर चढवणारे प्रोग्राम) उघडा.

फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या आणि तिचा एसएचए २५६ चेकसम (फाइलवरून निघणारा लांब आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) जुळवून पाहा. ही फुकटची कटकट वाटते मला माहीत आहे, पण २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटचीच वेबसाइट हॅक झाली होती आणि १७.३ सिनामनच्या लिंकवरून लोकांना बॅकडोअर (चोरदरवाजा) घातलेली फाइल मिळाली होती. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासूनच असते, तिला -hashfile, मग फाइलचं नाव आणि शेवटी SHA256 असं दिलं की ती लांबलचक आकडा काढून देते, तो साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहायचा. दोन मिनिटांचं काम.

लाइव्ह मोडमध्ये नुसतं वॉलपेपर पाहणं

पेनड्राइव्हवरून मिंट इन्स्टॉल न करताच चालू होतं, डिस्कला हात लागत नाही. लोक यात पाच मिनिटं आयकॉन पाहतात आणि "मस्त आहे" म्हणून इन्स्टॉल दाबतात. तसं नका करू, अर्धा तास द्या. वायफाय जोडा, यूट्यूब लावून आवाज पाहा, वेबकॅम पाहा, झाकण बंद करून उघडा आणि मशीन जागी होते का पाहा, आणि प्रिंटर लावून खरंच एक पान काढा. थोडं हळू चाललं तर घाबरू नका, पेनड्राइव्हवरून आहे ते.

वायफाय दिसतच नसेल तर बहुतेक ब्रॉडकॉम नाहीतर रिअलटेकचं कार्ड असतं. ड्रायव्हर घ्यायला नेट लागतं आणि नेटला ड्रायव्हर, अशी मजा. त्यावर उपाय म्हणजे मोबाइल यूएसबी केबलने लावून टेथरिंग चालू करा, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून जो सुचवेल तो टाका, रीस्टार्ट. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्कचा इंटेल आरएसटी मोड असू शकतो, तो एएचसीआय करावा लागतो. पण विंडोजही ठेवणार असाल तर ते आंधळेपणाने बदलू नका, विंडोज बूट व्हायचं थांबतं.

प्रिंटरवर मी जास्त जोर देतो कारण घरातलं भांडण तिथूनच सुरू होतं. एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप नावाच्या ड्रायव्हरमुळे लगेच चालतात. कॅनॉनचा तो एलबीपी २९०० मात्र, जो आपल्याकडे अर्ध्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो, तो कॅप्ट नावाच्या वेगळ्याच भाषेत बोलतो, त्याचा ड्रायव्हर खटपट करून बसवावा लागतो. आधी माहीत असलेलं बरं.

दोन्ही ठेवायचे म्हणता? मग घड्याळ पाहा

मोठेबाबांच्या लॅपटॉपवर मी आधी दोन्ही ठेवले होते, विंडोज आणि मिंट. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन. "काय करून ठेवलं गा तू हे? इथे पहाटेचे साडेचार वाजून राहिले!" मी म्हटलं मोठेबाबा, सेल गेला असेल बोर्डावरचा. दुपारच्या उन्हात जाऊन सेल आणला, लॅपटॉप खोलला, बदलला. दुसऱ्या दिवशी परत साडेचार. मग डोक्यात प्रकाश पडला की फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, म्हणजे आपली वेळ आणि ग्रीनिचची वेळ यातला! लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे तीच ग्रीनिचची वेळ, लिहून ठेवतं, विंडोजला वाटतं ही इथलीच वेळ आहे, आणि दोघं एकमेकांचं खोडत बसतात. मिंटच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) टाइमडेटसीटीएल कमांडने सेट-लोकल-आरटीसी हे १ केलं (timedatectl set-local-rtc 1) की भांडण मिटतं. सेल चांगलाच होता, माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय अजून.

ड्युअल बूटचा, म्हणजे दोन्ही ठेवण्याचा, दुसरा नेहमीचा फोन म्हणजे "डी ड्राइव्हमध्ये फाइल सेव्हच होत नाही". विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन केल्यावरही ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्स त्या ड्राइव्हला फक्त वाचण्यापुरतं उघडतं, कधी उघडतच नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. आणि लॅपटॉप नवा असेल तर बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का पाहा, त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर, हो कागदावरच, लिहून ठेवा. सिक्युअर बूट (बायोसमधलं सिक्युरिटीचं सेटिंग) बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि की नसली तर डेटा विसरा.

माझं मत विचाराल तर ज्याला टॅली चालवायचं आहे किंवा फोटोशॉप लागतंच, त्याने लिनक्सच्या नादी लागूच नये. वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून दाखवणारे असतात, मार्चएंडला ते येत नाहीत तुमच्याकडे.

मराठीचा घोळ

टाइप करणं सोपं आहे, कीबोर्डच्या लेआउटमध्ये जाऊन मराठी जोडायचं, इन्स्क्रिप्टही आहे आणि कगप फोनेटिकही, मोठेबाबा कगपवर दोन दिवसांत रुळले. अडचण जुन्या फाइलींची. सोसायटीच्या दहा वर्षांच्या नोटिसा कृतिदेवमध्ये होत्या, लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा भुगा. फाइल बिघडलेली नसते, कृतिदेव युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाही, फॉन्टच इंग्रजी अक्षरांना मराठीचे कपडे घालतो. जुन्या विंडोजमधून तो फॉन्ट कॉपी करून आणा, डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, फाइल वाचता येते. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच लिहा. फॉरमॅट करायच्या आधी फॉन्ट फोल्डरची कॉपी काढून ठेवली असती तर माझा एक रविवार वाचला असता.

टाइमशिफ्ट म्हणजे बॅकअप नाही

मिंटमध्ये टाइमशिफ्ट येतं, पहिल्याच दिवशी चालू करा, अपडेटने काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. पण ते सिस्टिमच्या फाइलींसाठी आहे, तुमचं होम फोल्डर म्हणजे फोटो आणि कागदपत्रं ते आपणहून धरत नाही. त्यांची कॉपी वेगळ्या डिस्कवर. सॉफ्टवेअरही सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, इंटरनेटवर कुणी तरी लिहिलेली सुडोने (sudo, म्हणजे मशीनचे पूर्ण अधिकार देणारी कमांड) सुरू होणारी ओळ समजल्याशिवाय चिकटवू नका.

राहिलं एक. एप्रिल-मेमध्ये डेस्कटॉपवर इन्स्टॉल करायचं असेल तर सकाळी सहाला बसा. पारा ४५ ला टेकलेला असतो, दुपारी लाइन कधी जाईल भरवसा नाही, आणि पार्टिशन (डिस्कचे भाग) होत असताना लाइन गेली तर जुनंही जातं आणि नवंही येत नाही. यूपीएस नसेल तर निदान कुलर आणि कॉम्प्युटर एका बोर्डावर नका लावू, आमच्याकडे कुलरची मोटर सुरू झाली आणि मशीन बंद पडली तेव्हा इन्स्टॉल ८७ टक्क्यांवर होतं.