पैसे साचत नाहीत? आधी या चुका टाळा

मी हिशेबाच्या कामात आहे म्हटल्यावर लोक हमखास विचारतात, "पैसे कुठे गुंतवू?" मी उलट विचारतो, "महिनाअखेरीला हातात राहतात किती?" बहुतेकांचं बोलणं तिथेच अडतं. पैसे न साचण्याची कारणं इतकी ठरलेली आहेत की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत मला अंदाज येतो.

"उरले की टाकू"

उरत नाहीत. खात्यात आकडा दिसतोय तोवर हात सैल सुटतो आणि २५ तारखेला खातं कोरडं पडतं. चांगली घसघशीत कमाई असलेल्यांचंही पडतं, म्हणून "पगार वाढला की सुरू करतो" हे मी आता ऐकूनच घेत नाही.

आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात भागवा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. मी बचतीचं खातं मुद्दाम दुसऱ्या बँकेत ठेवलंय. त्याला कार्ड नाही, त्याचं ॲप फोनवर नाही. तिथून पैसे काढायचे तर शाखेत जावं लागतं, आणि माझ्या आळसावर माझा पूर्ण भरवसा आहे.

किती काढायचे? शंभरातले पाच जमत असतील तर पाच. पहिल्याच महिन्यात तीस काढून दाखवणारे उत्साही वीर मी पुष्कळ पाहिलेत. तिसऱ्या महिन्यात तेच पैसे परत खर्चाच्या खात्यात आलेले असतात.

कमाई दरमहा सारखी नसेल तर गेल्या वर्षातला सगळ्यात हलका महिना शोधा आणि घर त्या आकड्यावर बसवा. त्याच्या वर जे येईल ते आलेल्या दिवशीच बाजूला. आणि ज्यांची कमाई गरजेच्या खर्चालाच पुरत नाही, त्यांना कुणी शिस्तीचे डोस पाजू नयेत. तिथे अडचण कमाईची आहे.

एका हाताने ठेव, दुसऱ्या हाताने कार्डाची थकबाकी

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण ती शहाणी माणसं करतात.

आमच्या ऑफिसातला एकजण. नीटनेटका, व्यसन नाही, बँकेत मुदत ठेव. क्रेडिट कार्डावर जवळपास तेवढीच थकबाकी. मी विचारलं तर म्हणाला, "अहो, मिनिमम भरतोय की दर महिन्याला. एकदाही चुकलो नाही." त्याचा त्याला अभिमान होता!

जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बसलो. थकबाकी १०० धरली. व्याज महिन्याला ३ टक्के, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण ४२.६ टक्के. किमान भरणा बिलाच्या ५ टक्के. व्याज लागून १०० चे १०३ होतात, त्यातले सव्वापाचच्या आसपास आपण भरतो, बाकी राहते ९७.८५. अशाने १०० चे ५० व्हायला ३२ महिने लागतात, तेही कार्डावर नवीन काही घेतलं नाही तर. तोवर खिशातून गेलेले असतात जवळजवळ १२०. त्यातले ७० निव्वळ व्याजाचे. तिकडे ठेवीतल्या १०० वर वर्षाला ६ टक्क्यांनी तेवढ्याच काळात मिळतात जेमतेम १७.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण ठेव मोडायची नसते ना?" घरात लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. दंड कापला गेला तरी मोड, म्हटलं. शिवाय जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा जाते, म्हणजे रोजचं सामानसुद्धा तो पहिल्या दिवसापासून व्याजाने घेत होता.

मोडली एकदाची. कार्ड शून्यावर आलं. आणि काही महिन्यांत पुन्हा भरलं, कारण कार्डावरची मोकळी झालेली उधारीची मर्यादा त्याला स्वतःचेच पैसे वाटत होती. मग खरेदीच्या सगळ्या ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाकायला लावला आणि कार्ड घरच्या कपाटात गेलं. दर वेळी उठून सोळा आकडे टाकायचे म्हटल्यावर निम्म्या खरेद्या आपोआप गळाल्या. बिलावर दोन आकडे असतात. किमान रकमेचा आकडा वाचायचाच नाही, पूर्ण रकमेचाच भरायचा. ते जमत नसेल तर कार्ड वापरू नये. यात मला मधला मार्ग मान्य नाही.

पगार वाढला की राहणीही वाढवणं

रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी कामगारांपुढे एक सोपी योजना ठेवली होती: आज काही कापायचं नाही, पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिच्यातला वाटा बचतीला जाईल असं आजच कबूल करायचं. योजनेत आलेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात कधी आलेच नाहीत, म्हणून गेल्याचं दुःखही नाही. मी वाढीचं पत्र आलं की त्याच दिवशी बँकेतली सूचना बदलतो. निम्मी वाढ तिकडे, निम्मी घरात. नवा पगार एकदा खर्चात मुरला की मग काही बदलत नाही.

बाकीच्या

वर्षाचे ठरलेले खर्च "अचानक आले" म्हणणं. विम्याचा हप्ता आणि शाळेची फी दर वर्षी त्याच महिन्यात येते. सगळ्यांची बेरीज करा, बाराने भागा, तेवढे दरमहा वेगळे ठेवा.

चाळीस रकान्यांचा खर्चाचा तक्ता. पंधरवड्यात बंद पडतो. घर, रोजचं, हप्ते, मौज, एवढे चार रकाने बास.

सवलत मिळाली म्हणून "वाचवले" म्हणणं. वाचवले असतील तर बचतीच्या खात्यात दाखवा.

दोन वर्षांत दुप्पट करून देणाऱ्यांच्या मागे लागणं. ७२ ला व्याजदराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात: ६ टक्क्यांना १२ वर्षं. दोन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ४१ टक्क्यांच्या वर. एवढं देतो म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

अडीअडचणीच्या पैशाला हात लावून तो भरायचं विसरणं. आजारपणात, नोकरी गेल्यावर तो वापरायचाच, त्यासाठीच असतो. पण घडी बसली की नव्या गुंतवणुकीआधी तो खड्डा बुजवा. मी तोवर गुंतवणुकीचे बाकी सगळे हप्ते थांबवतो. लोक उलट करतात आणि पुढच्या दवाखान्याचं बिल पुन्हा कार्डावर जातं.