लहान मुलांचं टेबल चालवताना या चुका टाळा

बोर्डगेम कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे पटावरचे खेळ खेळायच्या मेळाव्यात, चार ते सात वर्षांच्या मुलांना खेळवायचं टेबल हमखास नव्या स्वयंसेवकाच्या गळ्यात पडतं. कारण काय, तर ते सोपं असतं! माझ्या मते हॉलमधलं सगळ्यांत अवघड टेबल तेच. खेळ आवडला नाही तरी मोठी माणसं भिडेखातर तासभर बसून राहतात. पाच वर्षांचं मूल सरळ खुर्चीवरून उतरतं आणि चालू लागतं.

आधी सगळे नियम सांगणे

ही चूक दर वेळी दिसते, आणि दर वेळी माझा जीव तुटतो. पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एका उत्साही स्वयंसेवकाने ‘फर्स्ट ऑर्चर्ड’ मांडला होता. ‘हाबा’ या जर्मन कंपनीचा हा खेळ दोन वर्षांच्या मुलांनाही जमतो. चार झाडं, प्रत्येकावर चार लाकडी फळं आणि एक कावळा. फाशावर जो रंग पडेल ते फळ टोपलीत टाकायचं, कावळा पडला तर कावळा एक घर पुढे. तो बागेत पोचायच्या आत फळं उतरवली की सगळे मिळून जिंकले.

त्या स्वयंसेवकाने सुरुवात केली ती ‘एकमेकांविरुद्ध नाही, एकत्र कसं खेळायचं’ इथपासून. मग फाशाची एकेक बाजू. एका मुलीने विचारलं, “माझी पाळी कधी?” तो म्हणाला, “आधी नियम तर ऐक.” तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. मग तिने सफरचंदं उचलली आणि टेबलाखाली गेली. बाकीचे भिडूही तिच्या मागोमाग खाली. उरलेला वेळ फळं शोधण्यात गेला, कावळा जागचा हललाच नाही.

मी तोंड उघडायच्या आधी सगळ्यांत लहान मुलाच्या हातात फासा देते. “टाक!” लाल पडलं? “लाल फळ कुठंय? जा, टोपलीत टाक.” दुसऱ्या मुलाला एव्हाना सगळं कळलेलं असतं. कावळ्याचा नियम कावळा पडल्यावरच, आणि तोही मोठ्याने काव काव करून. त्यानंतर मुलं कावळ्याची वाटच बघत बसतात. फोनवर नियमांचा व्हिडिओ लावून मोकळे होणाऱ्यांनी मुलांच्या टेबलावर बसूच नये. आपला अवघड खेळ खेळायची घाई असेल तर तिकडेच जावं, इथे अर्धं मन ठेवून भागत नाही.

पालकांना पाठीमागे उभं करणे

“अगं ते नको, ते घे ना!” हे दोनदा झालं की मूल पटाकडे बघायचं सोडून आईकडे बघू लागतं. पालकांना हटकू नका, काम द्या. “ताई, तुम्ही समोर बसा, टोपली तुमच्याकडे.” हात गुंतले की सूचना थांबतात.

पंख्याखाली ‘रायनो हिरो’ मांडणे

पत्त्यांचा मनोरा आहे तो. जागा बदला, टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली पुठ्ठा सारा.

भिडू बाद होणारे खेळ काढणे

बाद झालेलं मूल शांत बसत नाही, आणि का बसावं? या वयाला असा खेळ काढूच नका.

धाकट्या भावंडाला हाकलणे

आपल्या गल्लीत यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय आहे: कच्चं लिंबू. त्याला खुशाल बसवा, फासा टाकू द्या, राज्य मात्र नाही. फक्त तीन वर्षांखालचं मूल असेल तर बारीक सोंगट्यांचा खेळ आधी डब्यात, कारण हातातलं थेट तोंडात जातं.

मुद्दाम हरणे

मुलांना कळतं. सहा वर्षांच्या मुलाला तर फार लागतं.

न मोजता डबा बंद करणे

फासा बहुतेक वेळा कुणाच्या तरी मुठीत असतो. मुलं उठायच्या आधीच “चला, फळं मोजू” म्हणा, तीच मोजून देतात. एक जादा फासा माझ्या पिशवीत कायम असतो.