ट्रेलरचं फ्लोअरिंग उन्हात फुगत होतं, ते असं थांबलं

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात) बसवलेल्या क्लिक-लॉक, म्हणजे एकमेकींत अडकवून जोडायच्या, व्हिनाइल पट्ट्या उन्हात सांध्यांवर उचलल्या जायच्या आणि थंडीत त्याच सांध्यांना फटी पडायच्या. आधी ठोकून बसवल्या, मग कडेने स्क्रू मारले. स्क्रूंनी फुगवटा उलट वाढला. दुसऱ्यांदा सगळं उचकटताना रडकुंडीला आलो होतो.

बंद ट्रेलर आतून खूप तापतो आणि रात्री गार पडतो. अशा तरंगत्या, म्हणजे खाली न चिकटवलेल्या, पट्ट्यांना सरकायला मोकळीक लागते. माझ्या पट्ट्या कपाटांखाली आणि स्क्रूंखाली अडकल्या होत्या.

मग सगळं काढलं. खालचा प्लाय स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला, तर दाराजवळ टोक आत घुसलं. आधी चौकटीची गळती बंद केली, मगच कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा मरीन प्लाय बसवला. (ही पायरी गाळू नका, व्हिनाइलखाली ओल कोंडते.) सांधे पुट्टीने सपाट केले. पट्ट्यांऐवजी एकसंध शीट व्हिनाइल घेतलं, ते 24 तास ट्रेलरमध्येच उलगडून ठेवलं, कपाटांच्या कडेपर्यंतच कापलं, भिंतीपाशी 6 मिमी जागा सोडली. शीटच्या उत्पादकाने सांगितलेला गोंद पूर्ण पृष्ठभागावर लावून मधून कडेकडे रोलर फिरवला. कडेची पट्टी भिंतीला ठोकली, फ्लोअरिंगला नाही.

त्यानंतर एक उन्हाळा आणि एक हिवाळा गेला, कुठेही फुगवटा नाही.