पिंपल्सची कॉम्बिनेशन जेल नीट कशी लावायची

माझ्या धाकट्या बहिणीला बारावीत असताना स्किनच्या डॉक्टरांनी एक जेल लिहून दिली होती, अ‍ॅडापलीन 0.1 टक्के आणि बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के एकत्र असलेली, आणि दवाखान्यात एवढी गर्दी की "रात्री लावा" एवढंच सांगून पुढचा पेशंट आत. तिने ती प्रत्येक पिंपलवर जाड थापली, चौथ्या दिवशी गाल लालबुंद, नाकाच्या कडेला सालं निघायला लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात "ताई मला ही सूट होत नाही" म्हणून ट्यूब कपाटात गेली. नंतर दुसऱ्या मॅडमकडे गेलो तर त्यांनी तीच जेल दिली, फक्त लावायची कशी ते समोर बसवून दाखवलं, आणि यावेळी चेहरा खरंच निवळला. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, कारण माझ्या ओळखीत निम्म्या लोकांनी ही ट्यूब अशीच अर्ध्यात सोडलीये.

सगळ्यात आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. पिंपल्सच्या नावाने दिसायला सारख्याच ट्यूबा मिळतात पण आत वेगवेगळं असतं. अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही एक जोडी, क्लिंडामायसिन आणि बेंझॉइल दुसरी, क्लिंडामायसिन आणि अ‍ॅडापलीन तिसरी. क्लिंडामायसिन अँटिबायोटिक आहे, ते एकटंच महिनोन्‌महिने लावलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून बेंझॉइल सोबत असलेलं बरं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतंच. आणि जर नावात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर ती स्टिरॉइडची क्रीम आहे, मेडिकलवाल्याने कितीही "एकदम इफेक्टिव्ह" म्हटलं तरी पिंपल्ससाठी ती घेऊ नका. आठ दिवसात चेहरा गोरा-गुळगुळीत वाटतो, मग सोडली की दुप्पट पुटकुळ्या, लाली, त्वचा पातळ, लव वाढलेली. मी हे शेजारच्या काकूंच्या मुलीच्या चेहऱ्यावर बघितलंय आणि मला त्याचा फार राग येतो.

आता ही जोडी का देतात ते थोडक्यात. पिंपलची सुरुवात छिद्र बुजण्यापासून होते, आत तेल आणि मेलेल्या पेशी साचतात, ते वरून दिसतही नाही. अ‍ॅडापलीन हे बुजणं थांबवतं. बेंझॉइल पेरॉक्साइड त्या छिद्रातले जंतू मारतं, आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. म्हणजे अर्धं काम अजून न आलेल्या पिंपल्सवर चालू असतं. हे एकदा कळलं की दिसलेल्या पिंपलवर ठिपका देऊन काही उपयोग नाही हे आपोआप कळतं, जिथे जिथे पिंपल्स येतात तो सगळा भाग झाकायचा असतो.

लावायची पद्धत. रात्री साध्या सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, घासायचं नाही, टॉवेलने टिपायचं आणि मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, कारण ओल्या चेहऱ्यावर लावली की जास्त चुरचुरते. बोटावर मटारच्या एका दाण्याएवढी जेल घ्यायची, त्याचे कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके द्यायचे आणि पातळ पसरायची. एवढीच पुरते. जास्त घेतल्याने लवकर बरं होत नाही, फक्त भगभगतं. डोळ्यांभोवती, ओठांवर, नाकपुडीच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात नाही, तिथे आधीच थोडं व्हॅसलीन लावून ठेवलं तर जेल सरकून गेली तरी त्रास होत नाही. वरून साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. ज्यांची त्वचा फार नाजूक आहे त्यांनी मॉइश्चरायझर, मग जेल, मग परत मॉइश्चरायझर असं केलं तरी चालतं. मग हात धुवा.

आणि पहिल्या दिवसापासून रोज नको. माझ्या बहिणीला मॅडमनी पहिले दोन आठवडे एक दिवसाआड सांगितली होती, नंतर सोसलं तशी रोज. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे त्वचा नुसती चिडली तरी मागे काळा डाग राहतो, आणि पिंपल गेला पण डाग सहा महिने बसला असं होतं. थोडी लाली, कोरडेपणा, त्वचा ओढल्यासारखी वाटणं, पापुद्रे, हे पहिल्या महिन्यात होतंच, जास्त झालं तर दोन-तीन रात्री थांबा आणि परत एक दिवसाआड चालू करा. काहींना सुरुवातीला पिंपल्स वाढल्यासारखे वाटतात. नेमका हाच तो तिसरा आठवडा जिथे लोक सोडतात! थोडा फरक महिना-दोन महिन्यांत दिसायला लागतो, खरा निकाल 12 आठवड्यांनी, म्हणून पहिल्या दिवशी खिडकीजवळ एक फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच जागी काढा, रोज आरशात बघून काही कळत नाही. पण डोळे-ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र ती अ‍ॅलर्जी आहे, जेल लगेच बंद आणि ताबडतोब डॉक्टरांकडे.

सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, ढग असले तरी. टू व्हीलरवर तोंडाला स्कार्फ बांधता ते चांगलंच आहे पण तेवढ्यावर भागत नाही.

जेल चालू असताना लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट, अक्रोडाचा स्क्रब, सॅलिसिलिकचा फेसवॉश, ग्लायकोलिकचं सिरम, सगळं बाजूला ठेवा. ज्यांच्या घरी चंपीचा नेम आहे त्यांनी केसांना तेल लावून रात्रभर झोपू नका, ते कपाळावर उतरतं आणि केसांच्या कडेला बारीक बारीक पुटकुळ्या येतात, तेल लावायचंच तर न्हाण्याच्या तासभर आधी. चेहऱ्यावर वॅक्सिंग नको, सालटं निघतं. थ्रेडिंगच्या आधी आणि नंतर काही दिवस त्या भागात जेल लावू नका. आणि लग्न ठरलेलं असेल तर हे सगळं हळदीच्या किमान तीन-चार महिने आधी चालू करा, पंधरा दिवस आधी चालू केलं तर ऐन लग्नात सालं निघत असतील.

एक गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती, बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो. आईचा निळा अभ्रा आणि एका कुर्त्याची कॉलर गेली, धुऊन निघत नाही कारण तो डाग नसतोच, रंगच गेलेला असतो. पांढरा अभ्रा आणि पांढरा टॉवेल वापरा, केसांना कलर असेल तर केस मागे बांधा. ट्यूब उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नका.

गरोदर असाल किंवा चान्स घेत असाल तर अ‍ॅडापलीनवाली जेल लावू नका, डॉक्टरांना सांगा, ते दुसरं काही देतात. एक्झिमा असेल, त्वचा उन्हाने भाजलेली किंवा कापलेली असेल तिथे नाही. अमेरिकेत 2016 मध्ये मंजुरी मिळाल्यापासून 0.1 टक्के अ‍ॅडापलीनची जेल चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून बरेच जण तिकडच्या नातेवाईकांकडून मागवतात, पण ती एकट्या अ‍ॅडापलीनची असते, ही जोडी नाही, आणि घरी आधीच कॉम्बिनेशन चालू असेल तर ती वरून लावली म्हणजे अ‍ॅडापलीन डबल झालं.

या जेलने सगळंच होतं असं नाही. आत खोल दुखणाऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा, तिथे गोळ्या लागतात. मुलींना जबड्याच्या कडेला पिंपल्स, पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असं एकत्र असेल तर पीसीओएस (हार्मोन्स बिघडल्याने होणारा त्रास) आहे का ते तपासून घ्या. आणि 12 आठवड्यांनी चेहरा साफ झाला तरी जेल एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, बहिणीला त्यानंतर नुसतं अ‍ॅडापलीन दिलं होतं, ते ती आता आठवड्यातून तीन रात्री लावते.