आजोबांचं जुनं .३२ पिस्तूल साफ करायचं म्हणजे आधी पाणी, मग तेल

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यात आजोबांचं कोल्ट १९०३ आहे, .३२ चं, आठ गोळ्यांचं मॅगझीन. लायसन्स आता काकांच्या नावावर. ग्वाल्हेरात अशी जुनी पिस्तुलं बऱ्याच घरांत आहेत, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच की अमेरिकेत लोक उडवलेली रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरतात तशी आपण भरूया का. नाही हो. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायलाही लायसन्स लागतं, त्यामुळे दुकानातून पावतीसकट नवीन घ्या आणि लक्ष सफाईकडे द्या, खरी गडबड तिथेच होते.

सुरुवात करताना आधी मॅगझीन काढायचं आणि मगच स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायची. उलटं केलंत तर स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, घेऊन येते आणि तुम्ही समजता रिकामं झालं. चेंबर डोळ्यांनी बघा, वर करंगळी घालून पण बघा. याला हॅमरलेस म्हणतात पण हॅमर, म्हणजे घोडा, आत लपलेला असतो, बाहेरून काही कळत नाही.

नळी काढायला स्लाइड जराशी मागे घ्यायची, उजव्या बाजूची खूण फ्रेमच्या टोकाशी आली की नळी फिरवायची, ती सुटते. अडली तर हातोडी घेऊ नका, खूण नीट जुळली नाहीये एवढंच.

आता मुद्द्याचं. जुन्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, उडाल्यावर नळीत जवळपास मिठासारखा क्षार राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि श्रावणात दोन दिवसांत गंज. हा क्षार तेलात विरघळतच नाही, म्हणजे तेल कितीही चोपडा, खाली मीठ तसंच. सुटी केलेली नळी घ्या, उकळतं पाणी आरपार ओता, तापलेली नळी आपसूक वाळते, मग चिंधी फिरवा, ब्रश मारा आणि शेवटी तेलाचा पातळ हात. मुठीच्या काळ्या रबरी पट्ट्यांना मात्र हे पाणी लागू देऊ नका, तपकिरी पडतात, आमच्या एका बाजूची पडलीच आहे.

तेल शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल नको!! काकांनी एका वर्षी तेच लावलं, पौषातल्या थंडीत ते आत थिजलं आणि रेंजवर स्लाइड अर्ध्यावर अडकली, सगळे हसले. निळसर पॉलिशवर व्हिनेगर, लिंबू, तारेची घासणी काही नको, गंजाबरोबर पॉलिशही जातं.

आणि ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका, दिसतं रुबाबदार पण चामडं ओल धरतं, आमच्याकडे स्लाइडवर म्यानाच्या शिवणीचा ठसा गंजून उमटलाय. सुती कापडात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी टाका, कुलूप लावा. निवडणुकीत ठाण्यात जमा करायच्या आधीही तेलाचा हात द्या, तिथे ते किती दिवस पडून राहील कोण जाणे.

आजोबांच्या वेळची हिरवट पडलेली काडतुसं घरात असतील तर उडवून बघू नका, लायसन्स घेऊन दुकानदाराला विचारा नाहीतर ठाण्यात द्या.