आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांचा काळ आणि अस्सलपणा: वाद कसा घालावा

मुकुंदराज अंबाजोगाईचे की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचे, आणि ‘विवेकसिंधू’तला शके १११० हा उल्लेख मूळचा की मागाहून कोणी घातलेला, हा वाद मराठवाड्यात मराठी शिकलेल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. बायबलच्या नव्या करारातील पत्रांविषयी तोच प्रश्न निघाला की मात्र वातावरण तापते. मंडळीतील (चर्चच्या सभासदांतील) ज्येष्ठांना तो श्रद्धेवरचा घाला वाटतो, आणि दोन व्हिडिओ पाहून आलेल्या तरुणाला सगळाच मामला बनावट वाटू लागतो. जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या अभ्यासगटात या दोघांना समोरासमोर बसवायचे असेल, तर वाद कसा चालवावा यासाठी हे टिपण आहे.

वादाचा विषय आधी एका वाक्यात फळ्यावर लिहून घ्यावा आणि त्या वाक्यात ‘खरे-खोटे’ येऊ देऊ नये. पत्र ज्याच्या नावावर आहे त्यानेच ते लिहिले का, आज आपल्या हाती असलेली संहिता मूळ लेखनाशी जुळते का, आणि त्यात सांगितलेले घडले का, हे तीन निराळे प्रश्न असून एकाचे उत्तर दुसऱ्याला बांधलेले नाही. व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेल्या स्त्रीची योहानाच्या शुभवर्तमानातील, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथातील, कथा (७:५३ ते ८:११) सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाही. पण तेवढ्यावरून संपूर्ण शुभवर्तमान बनावट ठरत नाही, आणि तो प्रसंग घडलाच नसेल असेही सिद्ध होत नाही.

काळाच्या प्रश्नावर जास्त वेळ द्यावा, कारण वाद घसरतो तो बहुधा तिथेच. ग्रंथाचा काळ म्हणजे एक साल नव्हे. त्याला दोन टोके असतात. याच्या आधीचा तो असू शकत नाही हे एक टोक, आणि याच्या नंतरचा असू शकत नाही हे दुसरे. प्रत्येक पुरावा बहुधा यांपैकी एकच टोक पक्के करतो, आणि एका टोकाचा पुरावा दुसऱ्या टोकाला लावला की भांडण सुरू होते. म्हणून फळ्यावर एक आडवी रेघ ओढावी, तिच्यावर इ. स. ३० पासून २०० पर्यंत दहा-दहा वर्षांच्या खुणा कराव्यात, आणि जो पुरावा मांडेल त्यालाच उठवून, त्याचा पुरावा कोणते टोक किती सरकवतो, हे खडूने दाखवायला लावावे. निम्मी आरडाओरड खडू हातात आल्यावरच थांबते.

उदाहरणार्थ, २०१२ साली हार्वर्डच्या प्राध्यापक कॅरेन किंग यांनी जाहीर केलेला, ‘येशूची पत्नी’ असा उल्लेख असलेला पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा) तुकडा घ्यावा. चाचण्यांत पपायरस जुना ठरला आणि शाईतही आधुनिक असे काही आढळले नाही. एवढ्यावर कोणी ‘अस्सल’ म्हणून टाळ्या पिटू लागला, तर त्याला रेघेपाशी न्यावे. पपायरसचे वय फक्त एवढेच सांगते की लेखन त्याच्या आधीचे नाही. कोरा जुना तुकडा मिळवून त्यावर काल-परवाही लिहिता येते. झालेही तसेच. त्याच्यासोबत आलेल्या योहानाच्या एका तुकड्यातल्या ओळी १९२४ साली छापलेल्या एका आवृत्तीतल्या ओळींबरहुकूम तुटत होत्या, हे २०१४ मध्ये अभ्यासकांच्या लक्षात आले, आणि २०१६ मध्ये तुकड्याच्या मालकाचा माग निघाल्यावर किंग यांनीही तो बहुधा बनावट असल्याचे मान्य केले. प्रयोगशाळेपेक्षा येथे ओळींची तुलना आणि मालकीचा इतिहास जास्त उपयोगी पडला. त्यामुळे नव्याने ‘सापडलेल्या’ कोणत्याही ग्रंथाविषयी पहिला प्रश्न, तो कोणाच्या हातून कोणाकडे आला, हाच असावा.

उलट दिशेची चूकही तितकीच सर्रास होते. ‘यहूदाचे शुभवर्तमान’ असलेल्या कोप्टिक (प्राचीन इजिप्तच्या भाषेतील) पोथीचा काळ कार्बन चाचणीने इ. स. २२० ते ३४० असा निघाला, म्हणून ग्रंथच तेव्हाचा, असे सांगितले जाते. तो काळ पानांचा आहे. याच नावाच्या ग्रंथाचा निषेध आयरिनियस हा ख्रिस्ती बिशप इ. स. १८० च्या सुमारास करतो. तो हाच ग्रंथ असेल, तर उशिराचे टोक १८० वर येऊन थांबते.

हस्ताक्षरावरून ठरवलेल्या काळाकडे मी विशेष संशयाने पाहावे असे म्हणेन. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात योहानाच्या अठराव्या अध्यायातील काही ओळींचा, तळहातात मावेल एवढा तुकडा आहे. १९३५ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा अक्षराच्या वळणावरून तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला मानला गेला, आणि पुढे ‘इ. स. १२५’ हा आकडा जन्मतारखेसारखा सांगितला जाऊ लागला. २००५ मध्ये ब्रेंट नाँगब्री यांनी दाखवून दिले की तशीच वळणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तिसऱ्याच्या आरंभीही सापडतात. अक्षरावरून कोणी दहा-वीस वर्षांच्या आत काळ सांगू लागला, तर त्याच्या हातातला खडू काढून घ्यावा.

रेघेवर सर्वांत घट्ट रोवलेली खुंटी पौलाची, म्हणजे नव्या करारातील अनेक पत्रे ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषिताची, आहे. डेल्फी येथे सापडलेल्या सम्राट क्लौद्याच्या शिलालेखामुळे गल्लियो या रोमन अधिकाऱ्याची अखया प्रांतातील (ग्रीसमधील) सुभेदारी इ. स. ५१-५२ च्या आसपास ठरते, आणि नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात (१८:१२) करिंथ येथे पौलाला त्याच्यापुढे उभे केल्याचे येते. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र इ. स. ५० च्या सुमाराचे मानतात ते या हिशेबाने. मार्काच्या शुभवर्तमानाला अशी खुंटी नाही. त्याच्या तेराव्या अध्यायात यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचे भाकीत आहे, मंदिर इ. स. ७० मध्ये पडले, आणि ते वाक्य मंदिर पडण्याआधी बोलले गेले असेल की नाही, याचे उत्तर वाचक भाकिताविषयी आधीच काय मानतो यावर बरेचसे अवलंबून राहते. येथे दोन्ही बाजूंनी आपले गृहीतक उघड सांगावे आणि पुढे जावे.

अस्सलपणाच्या वादात ज्येष्ठांशी बोलताना पैठणचा आधार घ्यावा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठांतरांत शिरलेली अशुद्धे शोधून प्रत शुद्ध केली, आणि त्यांना कोणी ज्ञानेश्वरद्वेष्टे म्हटले नाही. ख्रिस्ती परंपरेतही असे काम भाविकांनीच केले आहे. अंत्युखियाचा आरंभीचा बिशप इग्नेशियस याची पत्रे मध्ययुगात फुगवलेल्या रूपात आणि जास्तीच्या पत्रांसह प्रचलित होती. आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांच्या ध्यानात आले की इंग्लंडमधील काही जुने लेखक याच पत्रांतून देत असलेले उतारे छापील पाठाशी जुळत नाहीत, पण प्राचीन लेखकांच्या उताऱ्यांशी जुळतात. म्हणजे इंग्लंडात कुठेतरी वेगळी प्रत असली पाहिजे, असा तर्क करून त्यांनी तिचा लॅटिन अनुवाद शोधून काढला आणि १६४४ मध्ये छापला. १६४६ मध्ये इसाक फोसियस यांनी ग्रीक पाठ प्रसिद्ध केला. ‘पाळकसाहेब, हे काम एका आर्चबिशपांनी केलंय,’ एवढे सांगितले तरी सूर खाली येतो.

शैलीवरचा युक्तिवाद मर्यादेत ठेवावा. तो आधुनिक टीकाकारांचा कावा नाही. नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाची ग्रीक योहानाच्या शुभवर्तमानाशी जुळत नाही, हे तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या बिशप डायोनिसियसनेच मांडले होते. पण लेखनिकाचा हात मध्ये येऊ शकतो (रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तिय या लेखनिकाने स्वतःचे नाव घातलेच आहे), आणि ज्यांनी पत्रे केवळ मराठीत वाचली आहेत त्यांनी शैलीवर पैज लावू नये.

‘त्या काळी गुरूच्या नावावर लिहिणे रूढच होते, त्यात फसवणूक कसली,’ असे कोणी तरी म्हणतेच. त्याला टर्टुलियन हा आरंभीचा ख्रिस्ती लेखक ऐकवावा: आशिया प्रांतातील मंडळीच्या एका वडिलाने (पदाधिकाऱ्याने) पौलाच्या नावे लेखन रचल्याचे कबूल केले, पौलावरच्या प्रेमापोटी केले असे सांगितले, तरी त्याला पद सोडावे लागले.

बाजू चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, म्हणजे पाळकांच्या वाट्यालाही कधी संशयाची बाजू येते. पहिल्या बैठकीला थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र घ्यावे. रोमकरांस, गलतीकरांस अशी सात पत्रे बहुतेक अभ्यासक निर्विवाद पौलाची मानतात. हे त्यांत नाही, पण पौलाचेच मानणारेही बरेच आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना बोलायला जागा राहते. त्यात २:२ मध्ये ‘आमच्याकडून आलेल्या’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पत्राने गडबडू नका असा इशारा आहे आणि ३:१७ मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेला सलाम ही प्रत्येक पत्रातली खूण सांगितली आहे. पत्र पौलाचे असेल, तर त्याच्या हयातीतच बनावट पत्रांची भीती होती. नसेल, तर बनावटीपासून सावध करणारे हे पत्रच बनावट ठरते.